उडीच्या चाचणीआधी किती जोर लावावा?

तुमच्या प्रश्नातली हकीकत थोडक्यात अशी आहे. तुम्ही शाळेच्या १७ वर्षांखालील मुलींच्या व्हॉलीबॉल संघाला शिकवता. निवड चाचणीत उभ्या उडीचे माप घेतले जाणार होते, म्हणून तुम्ही चाचणीच्या आधी प्रत्येक मुलीकडून खांद्यावर बार (वजनाची लोखंडी दांडी) घेऊन १० स्क्वॉट (बैठका) आणि त्यापाठोपाठ गुडघे छातीपर्यंत घेत ३० उड्या करून घेतल्या आणि लगेच मुलींना उडी मारून खडूने खूण करण्यासाठी भिंतीपाशी उभे केले. १४ पैकी ३ मुलींची उडी सरावापेक्षा वाढली, बाकीच्यांची तेवढीच राहिली किंवा घटली. तुमचे सहकारी सर म्हणतात की जोरदार वॉर्म-अपने स्नायूंची स्फोटक ताकद वाढते हे संशोधनाने दाखवले आहे. मुली म्हणतात की पाय जड झाले होते. यात खरे कोणाचे आणि पुढच्या वेळी नेमके काय करायचे, असे तुम्ही विचारले आहे.

खरे दोघांचेही आहे. कोणताही जोराचा व्यायाम स्नायूत एकाच वेळी दोन गोष्टी मागे ठेवतो. एक म्हणजे तयारी, अर्थात वाढलेले तापमान, जागी झालेली मज्जासंस्था आणि अधिक चपळपणे आकुंचन पावणारे तंतू. दुसरी म्हणजे थकवा. भिंतीवर खडूची खूण उमटते ती या दोहोंच्या वजाबाकीची. सुरुवातीला थकवा मोठा असतो, परंतु तो तयारीपेक्षा लवकर ओसरतो, त्यामुळे मध्ये एक अशी वेळ येते की थकवा बहुतांशी गेलेला असतो आणि तयारी अजून टिकून असते. उडी वाढते ती त्याच वेळात. तुमच्या मुलींना ती वेळ मिळालीच नाही, शिवाय व्यायामाची मात्राही त्यांच्या ताकदीच्या मानाने फार होती.

आधी तापमानाचे पाहू, कारण माझ्या मते उडीच्या दृष्टीने वॉर्म-अपचा सर्वांत मोठा आणि सर्वांत खात्रीचा फायदा तिथेच आहे आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मांडीच्या स्नायूचे तापमान शरीराच्या आतील तापमानापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असते आणि थंडीच्या सकाळी ते आणखी उतरते. धावायला लागल्यावर पहिल्या ३ ते ५ मिनिटांत ते झपाट्याने चढते आणि १० ते २० मिनिटांत स्थिरावते. स्नायूचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की उडी, स्प्रिंट अशा क्षणिक प्रयत्नांत साधारण २ ते ५ टक्के सुधारणा होते, असे निरनिराळ्या प्रयोगांतून दिसून आले आहे. गरम स्नायूतील रासायनिक क्रिया वेगाने घडतात, तंतू अधिक वेगाने आखडतात आणि मज्जातंतूंतून संदेशही जलद जातो. लक्षात घ्यावे असे की यामुळे स्नायूचे कमाल बळ फारसे बदलत नाही, बदलतो तो त्या बळाचा वेग. उभ्या उडीत खालून वर जाताना जमिनीला रेटा देण्यासाठी सेकंदाचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा मिळतो आणि लांब उडीत टेक-ऑफच्या फळीवर पाय टेकलेला असतो तो सेकंदाच्या आठव्या हिस्स्याच्या आसपास. एवढ्या वेळात जो स्नायू बळ उभे करू शकतो त्याचीच उडी मोठी होते, म्हणून उबेचा फायदा कमाल वजन उचलण्यापेक्षा उडीत ठळक दिसतो.

आता तुमचे सहकारी ज्या संशोधनाचा हवाला देतात त्याकडे वळू. जोराच्या आकुंचनानंतर स्नायू काही काळ अधिक बळाने प्रतिसाद देतो, याला पोस्ट-ॲक्टिव्हेशन पोटेन्शिएशन म्हणतात. त्याची यंत्रणा बऱ्यापैकी उलगडलेली आहे. जोराच्या आकुंचनात स्नायुपेशीत कॅल्शियम मोठ्या प्रमाणात सुटते, त्यामुळे एक विकर (एन्झाइम) कार्यान्वित होते आणि ते स्नायू आखडवणाऱ्या मायोसिन या प्रथिनाच्या एका छोट्या साखळीला फॉस्फेट जोडते. मग मायोसिनची डोकी ज्या प्रथिनाला धरून ओढतात त्या ॲक्टिनच्या जवळ सरकतात आणि कमी कॅल्शियममध्येही पकड घेऊ लागतात. हा परिणाम जलद, म्हणजे वेगाने आखडणाऱ्या तंतूंमध्ये जास्त असतो. अडचण अशी की विजेच्या एका हलक्या झटक्याने स्नायू आखडवून हे मोजले, तर परिणाम साधारण अर्ध्या मिनिटात निम्मा होतो आणि पाच-सहा मिनिटांनी त्यातले फार थोडे उरते. उडीतली वाढ मात्र बहुतेक प्रयोगांत ६ ते १० मिनिटांनी दिसते. म्हणजे आठव्या मिनिटाला वाढलेली उडी या फॉस्फेटच्या खेळामुळे वाढली, असे म्हणता येत नाही. ॲंथनी ब्लेझेविच आणि निकोला बाबो यांनी २०१९ मध्ये हाच मुद्दा सविस्तर मांडला : उशिरा दिसणाऱ्या सुधारणेमागे स्नायूचे वाढलेले तापमान, स्नायुपेशीत ओढले गेलेले पाणी आणि मज्जासंस्थेकडून मिळणारी वाढीव चालना ही कारणे असण्याची शक्यता जास्त आहे.

हा भेद केवळ पुस्तकी वाटेल, पण मैदानावर त्याला मोठा अर्थ आहे. अनेक प्रयोगांत खेळाडूंनी पाच मिनिटे सायकल चालवली, मग काही जणांनी जड स्क्वॉट केले आणि काही जण नुसते बसून राहिले. जड स्क्वॉट करणाऱ्यांची उडी वाढली हे खरे, परंतु ती स्क्वॉटमुळे वाढली की पाच मिनिटांची सायकल हा वॉर्म-अपच अपुरा होता म्हणून वाढली, हे तेवढ्यावरून ठरत नाही. ज्या खेळाडूने नीट धावून, सांधे मोकळे करून, चढत्या जोराच्या उड्या मारून तयारी केलेली आहे, त्याच्या उडीत जड वजनाने आणखी पडणारी भर फारच थोडी असते. गेली अनेक वर्षे मी उडीच्या खेळाडूंबरोबर काम करतो आहे आणि माझा अनुभव याच बाजूचा आहे.

वेळेचे गणित किती नाजूक असते ते वेल्समधील स्वॉन्झी विद्यापीठाचे लियाम किल्डफ आणि सहकाऱ्यांनी व्यावसायिक रग्बी खेळाडूंवर केलेल्या कामातून चांगले दिसते. खेळाडूंनी एका वेळी उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८७ टक्के वजनाने ३ रेप्सचे (सलग ३ वेळा) ३ सेट स्क्वॉट केले. त्यानंतर १५ सेकंदांनी मारलेली उडी आधीपेक्षा कमी भरली आणि ८ मिनिटांनी मारलेली उडी जास्त. माणूस तोच, व्यायाम तोच, फक्त घड्याळ पुढे सरकलेले. २०१३ आणि २०१६ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे एकत्र विश्लेषण झाले, त्यांपैकी २०१३ च्या विश्लेषणातूनही ७ ते १० मिनिटांचा अवकाश सरासरीने उत्तम ठरला, फार जड वजनापेक्षा कमाल वजनाच्या ६० ते ८४ टक्क्यांदरम्यानचे वजन अधिक उपयोगी दिसले आणि मुरलेल्या खेळाडूंना नवख्यांपेक्षा फायदा जास्त झाला. दुसऱ्या विश्लेषणात एक सीमारेषाही होती : जे आपल्या शरीराच्या वजनाच्या पावणेदोन पट वजनाने स्क्वॉट करू शकतात, त्यांना फायदा अधिक मिळतो आणि लवकर, म्हणजे ५ ते ७ मिनिटांतच मिळतो, ताकदीने कमी असलेल्यांना ८ मिनिटे किंवा त्याहून जास्त थांबावे लागते. ५० किलो वजनाच्या मुलीसाठी पावणेदोन पट म्हणजे साडेसत्त्याऐंशी किलो. तुमच्या संघात अशी मुलगी बहुधा नसेल आणि या वयात असावी अशी अपेक्षाही करू नये.

याच विश्लेषणात असेही दिसले की जड वजनाऐवजी उड्यांनीच स्नायूंना चेतवले, तर फायदा कितीतरी लवकर, ४ मिनिटांच्या आतच दिसू शकतो, कारण मोजक्या उड्यांनी थकवा थोडा येतो. ‘मोजक्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. छातीपर्यंत गुडघे घेत मारलेल्या सलग ३० उड्यांना मी चेतवणे म्हणणार नाही. क्षणिक जोरासाठी स्नायू ज्या क्रिएटिन फॉस्फेटवर चालतो त्याचा साठा एवढ्या उड्यांत बराचसा रिता होतो. तो मिनिटाभरात अर्धामुर्धा भरतो आणि बहुतांश भरायला ३ ते ५ मिनिटे लागतात. तुमच्या मुलींनी विसाव्या उडीनंतर गुडघे किती वर येत होते आणि चवडा जमिनीवर किती वेळ रेंगाळत होता हे कोणी बाजूने पाहिले असते, तर त्यांचे पाय जड झाले आहेत हे खडूच्या खुणेआधीच कळले असते. उडी मारताना जमिनीवर पाय टेकल्याचा आवाज कानांनीही ओळखता येतो. ताज्या पायांचा आवाज आखूड आणि टणक असतो, थकलेल्या पायांचा पसरट.

आपल्याकडे अंग पिळून निघाल्याशिवाय वॉर्म-अप झाला असे वाटतच नाही. तालमीतल्या शेकडो जोर-बैठकांचा तो संस्कार आहे आणि कुस्तीसाठी लागणारा दम कमावण्यास त्याचे मोल मोठे आहे, मात्र ती कमाई रोजच्या मेहनतीची असते, चाचणीच्या सकाळची नव्हे. ही समजूत केवळ आपलीच नाही. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात ट्रॅकवरच्या स्प्रिंट सायकलपटूंवर एक प्रयोग झाला. त्यांचा नेहमीचा वॉर्म-अप सुमारे ५० मिनिटांचा होता, त्यात हृदयगती तिच्या कमाल मर्यादेच्या ९५ टक्क्यांपर्यंत चढवली जाई आणि मग चार स्प्रिंट असत. त्याऐवजी सुमारे १५ मिनिटांचा, ७० टक्क्यांपर्यंतचा आणि एकाच स्प्रिंटचा वॉर्म-अप दिल्यावर त्यांची कमाल स्फोटक ताकद नेहमीच्या वॉर्म-अपनंतरच्या मापापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी जास्त भरली. वर्षानुवर्षे शर्यतीआधीच ते खेळाडू स्वतःला थकवत होते.

माझ्याकडूनही अशी चूक झालेली आहे. प्रशिक्षक म्हणून सुरुवातीच्या वर्षांत, किल्डफ यांच्या धर्तीवरची आकडेवारी वाचून, मी लांब उडीच्या एका मुलाला राज्यस्तरीय स्पर्धेत मैदानालगतच्या जिममध्ये जड हाफ स्क्वॉट करायला लावले आणि नावाचा पुकारा १० मिनिटांनी होणार असे गणित मांडले. पुकारा झाला ४० मिनिटांनी. मुलगा तोपर्यंत बाकावर बसून होता आणि पहिली उडी अगदी सपक गेली. दुसऱ्या प्रयत्नाआधी मी घाबरून त्याला पाठोपाठ स्प्रिंट मारायला लावले. त्याने रनअप नेहमीपेक्षा जोरात घेतला, पावले लांबली आणि पाय फळीच्या पुढे पडला. तिसराही फाउल. सरावात ज्या रनअपचे माप पावलापावलाने बसवलेले असते, ते वॉर्म-अप बदलला की बदलते, हे मी त्या दिवशी त्या मुलाच्या किमतीवर शिकलो. तेव्हापासून सरावात किमान चार-सहा वेळा न केलेली गोष्ट मी स्पर्धेच्या दिवशी करू देत नाही.

थंड होण्याचा हा धोका तुमच्या चाचणीतही आहे, कारण १४ मुली एकामागून एक उडी मारतात. व्यायाम थांबला की साधारण १५ मिनिटांत स्नायूचे तापमान लक्षणीय उतरते. फुटबॉलमध्ये मध्यंतरात खेळाडू नुसते बसले तर मांडीच्या स्नायूचे तापमान सुमारे २ अंशांनी खाली येते आणि स्प्रिंटचा वेग २ टक्क्यांहून अधिक घटतो, असे मोजले गेले आहे. मध्यंतराच्या शेवटी हलके धावणाऱ्यांमध्ये ही घट दिसली नाही. उंच उडीच्या स्पर्धेत तर खेळाडूला दोन प्रयत्नांमध्ये कितीतरी वेळ थांबावे लागते. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचे सर्वेश कुशारे २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटरची उडी मारून सहावे आले. अशा अंतिम फेरीत उडी मारण्याइतकेच, उडी नसताना ऊब टिकवणे हेही कसब असते. डिसेंबरच्या सकाळी बालेवाडीला किंवा नाशिकला चाचणी असेल तर ट्रॅक पँट शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर हवी. मे महिन्यात चंद्रपूरला असेल तर धावण्याचा भाग निम्म्यावर आणावा आणि मुलींना सावलीत ठेवावे, कारण तिथे हवाच बरेच काम करून देते आणि जास्तीचा घाम कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

ताणाच्या व्यायामांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी ओझरते सांगतो. एका जागी थांबून एकेका स्नायूला ६० सेकंद किंवा त्याहून अधिक ताण दिला तर लगेचच्या कामगिरीत सरासरी ४ ते ५ टक्के घट येते. त्याहून कमी वेळ दिला तर घट १ टक्क्याच्या आसपास, म्हणजे नगण्य असते. पाय झुलवणे, चालत लंज करणे (लांब पाऊल टाकून गुडघ्यात वाकणे) असे हालचालीतले ताण उडीपूर्वी अधिक योग्य.

तुमच्या संघासाठी मी पुढीलप्रमाणे करीन. सहा-सात मिनिटे हलके धावणे, त्यातच बाजूने सरकत आणि उलटे धावणे, कपाळावर घाम दिसेपर्यंत. मग पाच मिनिटे घोटा, गुडघा, खुबा यांच्या हालचाली, वजनाशिवाय १० सावकाश स्क्वॉट आणि एका पायावर उतरण्याचा सराव. उतरताना गुडघा आत कलतो का, याकडे तुम्ही स्वतः लक्ष द्यावे. वॉर्म-अपचे हे दुसरे काम उडीच्या मापाइतकेच मोलाचे आहे : नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, धावणे, ताकद, तोल आणि उतरण्याचे तंत्र यांचा मेळ घातलेल्या २० मिनिटांच्या वॉर्म-अपने दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्या. त्यानंतर ब्लॉकच्या (जाळ्यापाशी चेंडू अडवताना मारतात तशा) ३ उड्या सुमारे ७० टक्के जोराने, मग ३ उड्या ८०-९० टक्के जोराने, आणि शेवटी ३ किंवा ४ पूर्ण जोराच्या, प्रत्येक दोन उड्यांमध्ये २० ते ३० सेकंद थांबून. शेवटच्या उडीनंतर ३-४ मिनिटे चालत राहावे आणि मग माप द्यावे. रांगेत मागे असलेल्या मुलींनी आपली पाळी येण्याच्या दोन-तीन मिनिटे आधी पुन्हा दोन पूर्ण जोराच्या उड्या माराव्यात. बारची गरज नाही. बार सरावाच्या दिवसांत जरूर वापरावा, हलक्या वजनाने आणि तंत्र पक्के करून, कारण मुली कायमच्या ताकदवान होतील तेव्हाच त्यांची उडी मोठ्या फरकाने वाढेल; वॉर्म-अप आहे ती उडी पूर्णपणे बाहेर काढतो, नवी उडी तयार करीत नाही.

राहिल्या त्या ३ मुली. त्यांची उडी खरोखर वाढली की तो योगायोग होता, हे तपासल्याशिवाय त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम आखू नका. एकाच मुलीच्या उडीत दिवसागणिक ३ ते ५ टक्क्यांचा फरक सहज पडतो. ४० सेंटिमीटरच्या उडीत तो सव्वा ते दोन सेंटिमीटर होतो. शिवाय सकाळपेक्षा संध्याकाळी उडी बहुधा थोडी जास्तच भरते, म्हणून सर्व मापे दिवसाच्या एकाच वेळी घ्यावीत. दोन आठवड्यांत चार दिवस निवडा. दोन दिवस वर सांगितलेला वॉर्म-अप आणि मग माप. दोन दिवस तोच वॉर्म-अप, त्यात मध्यम वजनाने ३ ते ५ स्क्वॉटची भर आणि ८ मिनिटांनी माप. पहिल्या दोन दिवशीही माप घेण्याआधी तितकीच ८ मिनिटे थांबावे, नाहीतर तुलना फसते. थांबलेल्या वेळात दर दोन मिनिटांनी उडी मारून पाहण्याचा मोह आवरावा, कारण ती प्रत्येक उडी स्वतःच वॉर्म-अपचा भाग होते आणि मग वाढ कशामुळे झाली ते कळत नाही.

माप घेताना हात वर करून उभ्याने पोहोचण्याची उंची दर वेळी पुन्हा मोजा. मुली खांदा सैल सोडून उभ्या राहतात आणि दोन सेंटिमीटर तिथेच मिळवतात. मोबाइलवर चित्रण करून हवेतला वेळ मोजणार असाल तर हवेतल्या सेकंदांचा वर्ग करून १२२.६ ने गुणले की उंची सेंटिमीटरमध्ये मिळते : अर्ध्या सेकंदाला साधारण ३०.७. मात्र सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या साध्या चित्रणात एका चित्राची चूक म्हणजे ४ सेंटिमीटरची चूक होते, त्यामुळे २४० चित्रांच्या स्लो-मोशनवरच चित्रण करा, तिथे तीच चूक अर्ध्या सेंटिमीटरवर येते. मुलींनी हवेत गुडघे दुमडू नयेत, अन्यथा वेळ खोटा वाढतो.

चारही दिवसांचे आकडे हाती आल्यावर ज्या मुलीची उडी वजनाच्या दोन्ही दिवशी, साध्या दोन्ही दिवसांपेक्षा दोन सेंटिमीटरहून अधिक भरली असेल, तिच्या गुडघ्याच्या वाटीखाली दाबून दुखते का ते आधी पाहा. दुखत नसेल तर तिच्यापुरता तो क्रम पुढच्या चाचणीत ठेवायला माझी हरकत नाही. दुखत असेल तर आकडे काहीही सांगोत, तिला चाचणीच्या दिवशी बारखाली उभे करू नका.